‘आता या वयात मला काय करायचंय?’ : पन्नाशीनंतरच्या दिसण्याचा इतिहास

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलताना होणारी पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

गेल्या काही भागांत आपण किल्ले, तह, रेल्वे असं बरंच काही पाहिलं. आज लढाई नाही, राजा नाही. आज फक्त एका वाक्याचा इतिहास आहे.

ते वाक्य तुम्ही नक्की ऐकलंय. साडीच्या दुकानात गुलाबी साडी उलगडली की आई म्हणते, लग्नात मेकअपवाली विचारायला आली की मावशी म्हणते, चष्म्याची नवी फ्रेम बघताना काकू म्हणते : “आता या वयात मला काय करायचंय?”

गंमत बघा, बाबा किंवा काका हे वाक्य फारसं म्हणत नाहीत. ते साठीतही पांढरे बूट घालून फिरायला जातात आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. मग बाईच्या तोंडी हे वाक्य आलं कुठून? पन्नाशीनंतर बाईने ‘ताजं’ दिसू नये, ‘आजचं’ दिसू नये, हा नियम कुणी केला? आणि तो मोडला कुणी, कधी? मी पेशाने सॉफ्टवेअरवाली, इतिहासकार नाही. पण जुना कोड उघडून ‘ही ओळ इथे का आहे?’ हे शोधायची सवय लागलेली आहे. तर आज तेच करूया.

आधी थोडं गणित

१९०१ ते १९११ या दशकात आपल्या देशातलं सरासरी आयुर्मान होतं साधारण २३ वर्षं. पुढच्या दशकात प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांमुळे ते २० च्या आसपास घसरलं. १९४१ ते १९५१ या दशकात ते कसंबसं ३२ वर आलं. आज ते सत्तरच्या आसपास आहे.

पण थांबा, यातून ‘तेव्हा सगळे तिशीतच मरायचे’ असा अर्थ काढू नका. सरासरी ही मोठी फसवी गोष्ट असते. त्या काळी जन्मलेल्या मुलांपैकी कितीतरी पहिल्या काही वर्षांतच जायची, म्हणून सरासरी खाली ओढली जायची. लहानपण आणि बाळंतपणं यांतून जी बाई तरली, ती पन्नाशी-साठीही बघायची. मुद्दा असा, की पन्नाशीच्या बायका होत्या, पण आजच्या मानाने फार कमी होत्या.

दुसरं गणित लग्नाचं. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आठवतोय? त्यात वय दहावरून बारावर नेलं, तर त्यावरून केवढा गदारोळ झाला! मुलींच्या लग्नाचं वय चौदा करणारा शारदा कायदा आला तो १९२९ मध्ये. आता हिशेब करा. बाराव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी पहिलं मूल. त्या मुलीचंही तसंच झालं, तर बाई बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी आजी! आज त्या वयात आम्ही घरच्यांना ‘अजून सेटल व्हायचंय’ म्हणून सांगत असतो.

म्हणजे ‘म्हातारी’ हा शब्द तिच्या शरीराला लागायच्या आधी तिच्या नात्याला लागायचा. सून घरात आली की सासूने रंग फिके करायचे, दागिना लेकी-सुनांकडे सोपवायचा, गजरा माळायचा तो सुनेने. वय पस्तीस असो की पन्नास, घरात पुढची पिढी उभी राहिली की आधीच्या पिढीने दिसणं आवरतं घ्यायचं. आमच्या क्षेत्रात एखादी जुनी सोय बंद करायची असेल तर ती लगेच काढून टाकत नाहीत, तिच्यावर ‘डेप्रिकेटेड’ असं लेबल लावतात. ती चालू असते, काम करत असते, पण नव्याने कुणी तिच्याकडे जायचं नाही. पन्नाशीच्या बाईला समाजाने लावलेलं लेबल अगदी हेच होतं.

आणि हे सगळीकडे सारखं नव्हतं, हेही सांगायला हवं. मासळी बाजारात बसणारी कोळीण बघा. वय वाढलं म्हणून तिचं लुगडं फिकं होत नाही, अंबाड्यातलं फूल जात नाही, अंगावरचं सोनं कमी होत नाही. कारण टोपलीसमोर ती बसलेली आहे आणि गिऱ्हाईक तिच्याकडे बघूनच येणार आहे. जिथे बाई स्वतः बाजारात उभी आहे, तिथे तिचं उठून दिसणं कामाचा भाग असतं. जिथे ती माजघरात आहे, तिथे तिचं दिसणं घराच्या अब्रूचा भाग होतं. नियम खरा कडक होता तो तिथे.

केस : तिचे, पण तिच्या हातात नसलेले

या नियमाचं सगळ्यात क्रूर रूप होतं केशवपन. ब्राह्मण आणि इतर काही उच्च जातींमध्ये नवरा गेला की बाईचे केस उतरवायचे, अंगावर लाल आलवण, कुंकू नाही, बांगड्या नाहीत. पन्नाशीची असो की पंधरा वर्षांची, दिसायला दोघी सारख्याच ‘म्हाताऱ्या’. बाईला एका दिवसात म्हातारं करणारी ही व्यवस्था होती. आणि हे एकदाच नाही, केस वाढले की पुन्हा न्हावी घरी यायचा. जन्मभर.

१८९० मध्ये मुंबईत एक विलक्षण गोष्ट घडली. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच ठरवलं, की आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला. आपल्या इतिहासातला हा एक फार मोठा संप आहे, आणि शाळेच्या पुस्तकात आपण तो नीट वाचलेलाच नसतो.

पण मला आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, त्या आहेत पार्वतीबाई आठवले. जन्म १८७०, कोकणातल्या. विशीत विधवा झाल्या, पदरात मुलगा. बहीण गोदूबाई, म्हणजे पुढे ज्यांना आपण बाया कर्वे म्हणून ओळखतो, त्यांचं १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. विधवेचं पुनर्लग्न, म्हणजे केवढा गहजब! पार्वतीबाई पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात आल्या, शिकल्या, आणि संस्थेसाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या.

लक्षात घ्या, त्या हे सगळं केशवपन केलेल्या अवस्थेत करत होत्या. व्यासपीठावर उभ्या राहून बायकांच्या शिक्षणाबद्दल बोलणारी बाई, डोक्यावर पदर आणि पदराखाली वपन केलेलं डोकं. मग १९१२ च्या सुमारास, वय बेचाळीसच्या आसपास, त्यांनी ठरवलं की आता बस. केस वाढू द्यायचे.

आज ऐकताना वाटतं, यात काय एवढं? पण विचार करा. वीस वर्षं लोकांनी तुम्हाला एका रूपात पाहिलंय. त्या रूपामुळे तुम्हाला ‘सोवळी बाई’ म्हणून मान आहे, घरोघरी प्रवेश आहे, वर्गणी मिळते आहे. आणि चाळिशी उलटल्यावर तुम्ही केस वाढवता. लोक काय म्हणणार? ‘या वयात हिला हे काय सुचलं!’ तरुण विधवेने केस राखले तर लोक निदान ‘बिचारी’ तरी म्हणतील. चाळिशीच्या बाईला तीही सवलत नाही. तिच्यावर हसतात.

पार्वतीबाई तिथेच थांबल्या नाहीत. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम येत होतं, ते शिकायला आणि संस्थेसाठी पैसा उभा करायला. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. नंतर ‘माझी कहाणी’ नावाचं आत्मचरित्र लिहिलं, त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं.

मला विचाराल तर आपल्या आजच्या विषयाची गुरुकिल्ली इथे आहे. पार्वतीबाईंनी केस वाढवले ते तरुण दिसण्यासाठी नव्हे. त्यांना ‘संपलेली बाई’ दिसायचं नव्हतं. तरुण दिसणं आणि आजच्या काळातलं दिसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या शंभर वर्षांत बाजाराने या दोन्हींची सरमिसळ करून टाकली.

नऊ वारांवरून पाच वारांवर

आता कपड्यांकडे येऊ. एक वार म्हणजे साधारण ९१ सेंटीमीटर. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. काष्टा घालून नेसलेलं लुगडं शेतात, विहिरीवर, डोंगरावर कुठेही चालतं. पाय मोकळे राहतात. त्यामुळे नऊवारी म्हणजे जुनाट आणि अडचणीची, असं मुळीच नव्हतं. उलट कामाला ती सोयीची.

मग गोल साडी आली कशी? यात मुंबईचा एक सुंदर धागा आहे. १८६० च्या दशकात सत्येंद्रनाथ टागोर, म्हणजे रवींद्रनाथांचे थोरले भाऊ आणि आयसीएस झालेले पहिले भारतीय, नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात आले. सोबत पत्नी ज्ञानदानंदिनी देवी. त्यांनी इथल्या पारशी बायकांची साडी नेसायची पद्धत पाहिली, तिच्यात थोडे बदल केले, आणि बंगालमध्ये तिचा प्रसार केला. तिकडे त्या पद्धतीला मुंबईचंच नाव पडलं. आज ज्याला आपण ‘नेहमीची साडी’ म्हणतो, तिच्या वंशवृक्षात मुंबईच्या पारशिणी आहेत.

मराठी घरांत पाचवारी, सहावारी आली ती विसाव्या शतकात, आणि आली ती मुलींच्या अंगावर. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुली गोल साडी नेसायच्या. कित्येक घरांत लग्न झालं की पुन्हा नऊवारी. त्या काळी ‘गोल नेसते’ एवढं म्हटलं तरी पुरायचं, पुढचं सगळं ऐकणाऱ्याला कळायचं.

मग दुसरं महायुद्ध. कापडाची टंचाई इतकी, की १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. जिथे कापड मोजून मिळतं, तिथे नऊ वार आणि पाच वार यांतला फरक फॅशनचा राहत नाही, पोटापाण्याचा होतो. त्यात मुंबईच्या लोकल, बस, कचेऱ्या, शाळेतल्या नोकऱ्या. तरुण बायका भराभर गोल साडीवर आल्या.

आणि पन्नाशीच्या? त्या सगळ्यात शेवटी आल्या, किंवा आल्याच नाहीत. म्हणून माझ्या वयाच्या कितीतरी जणांच्या घरी पणजीचा फोटो नऊवारीतला, आजीचा लग्नातला फोटो नऊवारीतला पण नंतरचे सहावारीतले, असं दिसतं. तुमच्या घरचे जुने अल्बम काढून बघा. आजीने साडी कोणत्या वर्षी बदलली ते फोटोंवरून सांगता येतं. आणि बहुतेक वेळा त्या बदलामागे एखादं कारण असतं : मुलाची मुंबईत बदली, सासू वारली, स्वतःची नोकरी, नाहीतर गुडघे. हो, गुडघे. काष्टा घालायला वाकता येईना म्हणून गोल साडीवर आलेल्या आज्या खूप आहेत. पण बाहेर सांगताना त्या म्हणायच्या, ‘सुनेने आग्रह केला म्हणून’. स्वतःला हवं होतं म्हणून बदललं, असं सांगायची सोय नव्हती. परवानगी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर घ्यायची.

पडद्यावरची आई

या नियमाला सगळ्यात मोठा पडदा मिळाला तो सिनेमाचा. लीला चिटणीस घ्या. पदवीधर, रंगभूमीवरून आलेल्या, १९३० च्या दशकाच्या शेवटी आघाडीच्या नायिका. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय अभिनेत्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. म्हणजे देशाच्या सौंदर्याचा चेहरा! आणि १९४८ मध्ये? ‘शहीद’मध्ये दिलीपकुमारची आई. ‘सौंदर्य’ ते ‘आई’ हा प्रवास किती वर्षांचा? सात. पुढे ‘आवारा’मध्ये राज कपूरची आई, आणि मग वर्षानुवर्षं तीच खोकणारी, वाट बघणारी माऊली.

१९५७ चा ‘मदर इंडिया’ आला तेव्हा नर्गिस होती फक्त अठ्ठावीस वर्षांची. तिच्या केसांना पांढरा रंग लावून तिला म्हातारी केलं. म्हणजे खऱ्या पन्नाशीच्या बाईची गरजच नाही, तरुण बाईला पांढरा रंग फासला की झालं. प्रेक्षकांच्या डोळ्यांना एक चित्र बसलं : पांढरे केस म्हणजे त्याग, पांढरी साडी म्हणजे पुण्य. आणि उलट अर्थी, केस काळे असलेली, लिपस्टिक लावलेली पन्नाशीची बाई म्हणजे हमखास खलनायिका किंवा विनोदी पात्र. तिसरा पर्याय नाही.

याला अपवाद होत्या दुर्गाबाई खोटे. जन्म १९०५. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाल्या, तेव्हा चांगल्या घरच्या बाईने सिनेमात जाणं हेच धाडस. १९६० मध्ये ‘मुघल-ए-आझम’ची जोधाबाई, वय पंचावन्न. ती नुसती रडणारी आई नाही, नवरा आणि मुलगा यांच्या मधे सापडलेली राणी आहे. १९७३ च्या ‘बॉबी’त मिसेस ब्रगांझा, वय अडुसष्ट. दुर्गाबाईंनी पुढे स्वतःची निर्मितीसंस्था काढली, जाहिरातपट आणि लघुपट केले. आणि १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘वागले की दुनिया’ ही त्यांच्याच संस्थेची मालिका! तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या. मध्यमवर्गाच्या ताज्या, आजच्या जगण्यावरची मालिका एका ऐंशी पार केलेल्या बाईच्या संस्थेतून आली. ‘करंट’ असणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

बाटलीतला काळा रंग

आता जरा देशाबाहेर जाऊ, कारण केसांच्या रंगाची गोष्ट फ्रान्स आणि अमेरिकेत घडते आणि मग आपल्या न्हाणीघरात येते.

मेंदी, नीळ, आवळा हे आपल्याकडे पूर्वीपासून होतंच. पण रसायनाने केस रंगवण्याचा धंदा उभा राहिला तो १९०७ च्या सुमारास, जेव्हा पॅरिसमध्ये यूजीन श्युएलर नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञाने केसांचा रंग बनवून केशकर्तनालयांना विकायला सुरुवात केली. १९०९ मध्ये त्याने कंपनी काढली. तीच आजची लॉरियाल.

हे काम कसं करतं? पीपीडी नावाचं एक रसायन असतं. त्याचे रेणू छोटे, ते केसाच्या आत शिरतात. सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, त्याच्याशी क्रिया होऊन आतल्या आत मोठे रंगीत रेणू तयार होतात. आत शिरताना छोटे, आता मोठे, त्यामुळे बाहेर पडता येत नाही. म्हणून रंग धुतला जात नाही. पण हेच पीपीडी काहींच्या त्वचेला सोसत नाही : खाज, सूज, पुरळ. बाजारात जी ‘काळी मेंदी’ मिळते तिच्यातही बऱ्याचदा हेच असतं, आणि पाकिटावर ‘अमोनिया नाही’ लिहिलंय म्हणजे पीपीडी नाही असं होत नाही. म्हणून कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायचं, मगच डोक्याला लावायचं. आईला नक्की सांगा. पाकिटात तशी सूचना असते, पण ती इतक्या बारीक अक्षरात, की पन्नाशीनंतर वाचता येत नाही. हा विनोद नाही, ही डिझाइनमधली चूक आहे.

बरं, पुढे. अमेरिकेत १९५६ मध्ये क्लेरॉल कंपनीने घरच्या घरी एकाच टप्प्यात लावता येणारा रंग आणला. तोवर केस रंगवणारी बाई म्हणजे चारित्र्याने संशयास्पद, असा तिकडेही समज होता. जाहिरात लिहिली शर्ली पोलिकॉफ नावाच्या बाईने, आणि ती स्वतः तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. तिने जाहिरातीचा सूर असा ठेवला, की ही बाई केस रंगवते की नाही हे कुणालाच ओळखता येणार नाही. शिवाय फोटोत बाईबरोबर बऱ्याचदा लहान मूल. म्हणजे बघा हो, ही आई आहे, घरंदाज आहे! रंगवा, पण कळू देऊ नका.

मग १९७३ मध्ये लॉरियालसाठी इलॉन स्पेख्ट नावाच्या तरुणीने नवी ओळ लिहिली. तिचा मथितार्थ : मी हे करते, कारण तेवढी माझी किंमत आहे. सतरा वर्षांत ‘कुणाला कळणार नाही’पासून ‘माझ्यासाठी करते’पर्यंत. वस्तू तीच, केस तेच. बदललं ते बाईने द्यायचं स्पष्टीकरण. आणि मला राहून राहून वाटतं, की स्पष्टीकरण द्यायचंच कशाला?

आपल्याकडे पुढे गोदरेजची पुडीतली पावडर घराघरांत पोचली. वाटीत पावडर, थोडं पाणी, जुना टूथब्रश, खांद्यावर जुना टॉवेल, आणि बाथरूमचं दार लावलेलं. महिन्यातल्या त्या रविवारी बेल वाजली तर आई दार उघडायची नाही. कळू देऊ नका, हे आपल्याकडेही आलंच!

आणि याच काळात देशाच्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर एक बाई बसली होती, जिच्या काळ्या केसांत एक पांढरी बट लख्ख दिसायची. इंदिरा गांधी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो. पण ती बट व्यंगचित्रकारांनी त्यांची खूण करून टाकली. पांढरा केस सत्तेचीही खूण असू शकतो, हे आपल्याकडच्या बायकांनी तेव्हा पाहिलं. फक्त ती मुभा आपल्यालाही आहे, असं त्यांना वाटलं नाही.

गाऊनवरची ओढणी

१९८० आणि ९० ची दशकं म्हणजे पंजाबी ड्रेसची. आधी कॉलेजच्या मुली, मग लग्नानंतर माहेरी गेल्यावर, मग सासरी ‘फक्त प्रवासात’, मग रोज. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल लोकल सुरू झाली. त्या गाडीतले त्या काळचे फोटो बघितले तर साड्या आणि ड्रेस दोन्ही दिसतात. गर्दीच्या गाडीत चढायचं असेल तर निऱ्या सांभाळायच्या की दांडा पकडायचा?

पण पुन्हा तोच क्रम. पन्नाशीच्या बाईला ड्रेस मिळाला तो सगळ्यांच्या शेवटी, आणि पुन्हा कारण देऊन. चारधाम यात्रेला जायचंय म्हणून. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. मुलाकडे अमेरिकेत थंडी आहे म्हणून. कित्येक आयांनी पहिली पँट घातली ती परदेशातल्या नातवंडांच्या बाळंतपणाला गेल्यावर, आणि विमानतळावर परतताना पुन्हा साडी.

घरात गाऊन आला. तो सोयीचा, उकाड्यात बरा. पण बेल वाजली की गाऊनवर ओढणी घ्यायची! पूर्ण अंग झाकणाऱ्या गाऊनवर आणखी एक ओढणी कशासाठी? ती ओढणी अंगासाठी नसतेच. मला नियम माहीत आहे, हे दारातल्या माणसाला सांगण्यासाठी असते. माझी आई छप्पन्न वर्षांची आहे, शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. कुरिअरवाल्यासमोर ती अजूनही ओढणी शोधते. मी काही बोलत नाही. ती ओढणी तिची एकटीची नाही, तिच्या आधीच्या चार पिढ्यांची आहे.

आजचे दोन हुकूम

आता आपण आजवर येतो. आणि इथे गोष्ट उलटी झालेली आहे.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला, पार्लर बंद झाली, आणि अनेक घरांत बायकांनी स्वतःचे खरे केस कितीतरी वर्षांनी पाहिले. काहींनी मग रंगवणं सोडलंच. आता पांढऱ्या केसांचं कौतुक होतं, ‘किती ग्रेसफुल!’ म्हणून. छान आहे. पण दुसऱ्या बाजूला सुरकुत्या घालवणारी क्रीम, सीरम, इंजेक्शनं यांच्या जाहिराती पन्नाशीच्या बाईच्या फोनवर ओतल्या जातायत. म्हणजे एक हुकूम म्हणतो, ‘वय दिसू देऊ नका’. दुसरा म्हणतो, ‘वय अभिमानाने मिरवा’. आणि जुना तिसरा आहेच : ‘वयाला शोभेल असं वागा’. तिघांनाही आपापलं मत आहे. तिला कुणी विचारलेलं नाही.

आणि काळाची गंमत म्हणजे, ज्या नऊवारीला ‘म्हाताऱ्या बायकांची’ म्हणून बाजूला सारलं, तीच आता शिवलेली मिळते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत पंचविशीच्या मुली ती घालून, नथ आणि गॉगल लावून बुलेटवर बसतात. म्हणजे कापडात म्हातारपण कधी नव्हतंच. ते होतं बघणाऱ्याच्या नजरेत.

तुम्ही म्हणाल, हे सगळं वरवरचं आहे, कपडे नि केस, यात एवढं गंभीर काय? म्हणून शेवटचं वर्ष सांगते : २०२२. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही याचं अनुकरण करायला सांगितलं. १८९० च्या न्हाव्यांच्या संपापासून २०२२ च्या ठरावापर्यंत १३२ वर्षं झाली. आणि आजही कुठल्यातरी गावात, शहरातल्या कुठल्यातरी फ्लॅटमध्ये, पन्नाशीच्या एखाद्या बाईला तेराव्या दिवशी कुणीतरी सांगतंय की आता हिरव्या बांगड्या नकोत. दिसण्याचा प्रश्न तिथे वरवरचा राहत नाही. ती अजून या घरात, या काळात मोजली जाते की नाही, याचा तो प्रश्न असतो.

पार्वतीबाईंकडे बघा, दुर्गाबाईंकडे बघा. त्या ‘ताज्या’ होत्या कारण त्यांचं काम चालू होतं, पुढचं काहीतरी करायचं होतं. केस, साडी, रंग हे त्या मागोमाग आलं. म्हणून आईने केस रंगवले तर रंगवू द्या, नाही रंगवले तर नको. गुलाबी साडी घेतली तर ‘भडक नाही ना होत?’ विचारू नका. आणि ‘तू अजिबात पन्नाशीची वाटत नाहीस’ ही तर कृपया प्रशंसा म्हणून देऊ नका. पन्नाशीची वाटण्यात वाईट काय आहे?

आता तुमचा गृहपाठ. या आठवड्यात आईला, आजीला, मावशीला एक प्रश्न विचारा : तुम्ही पहिल्यांदा गोल साडी नेसलात, ड्रेस घातलात, केस कापलेत किंवा रंगवणं सोडलंत, तेव्हा कोण काय म्हणालं होतं? फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा, अर्थात त्यांना विचारूनच. कुणाची परवानगी घ्यावी लागली, कुणी हसलं, कुणी साथ दिली, सगळं विचारा. आपल्याकडे राजांच्या बखरी आहेत, पण या गोष्टी कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत, आणि ज्यांना त्या आठवतात त्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. परवानगी असेल तर आम्हालाही पाठवा, नावं न सांगता पुढच्या एखाद्या भागात वाचू.

पुढच्या भागात चष्म्याचा इतिहास. तोवर काळजी घ्या, भेटूच!